ती जागा रिकामी नसते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



निळ्या चौकोनात पांढऱ्या रंगानं काढलेली चाकाची खुर्ची हे चित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. रुग्णालयाच्या दारात, रेल्वे स्थानकावर, विमानतळावर, मॉलच्या तळघरात ते दिसतं. १९६८ साली सुझान कोफोड नावाच्या डेन्मार्कच्या एका विद्यार्थिनीनं ते रेखाटलं. गंमत अशी, की तिच्या मूळ चित्रात नुसती खुर्ची होती, तीत माणूस नव्हता. पुढे हे चित्र जगभर वापरायचं ठरलं, तेव्हा त्या खुर्चीला वर एक वाटोळं डोकं जोडण्यात आलं आणि खुर्चीत माणूस बसला.

हे चित्र जिथं जमिनीवर रंगवलेलं असतं, त्या जागेविषयी मला आज बोलायचं आहे. म्हणजे अपंगांच्या वाहनांसाठी राखून ठेवलेल्या पार्किंगच्या जागेविषयी, आणि तिथं दुसऱ्याच कुणाची तरी गाडी उभी असते तेव्हा काय होतं, त्याविषयी. सरकारी कागदोपत्री आता ‘दिव्यांग’ हा शब्द आहे, बोलताना पुष्कळ जण अजून ‘अपंग’ म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरणार आहे. आमची अडचण शब्दाची कमी आणि जागेची जास्त आहे.

शहरात कुणालाच गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथं या दोन-चार गाड्यांच्या जागेचं काय घेऊन बसलात, असं कुणाच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी देणारच आहे. पण त्याआधी ही जागा मुळात कशासाठी असते ते समजून घेऊ. कारण माझा अनुभव असा, की ती अडवणाऱ्या दहापैकी नऊ जणांना ते ठाऊकच नसतं.

बहुतेकांची समजूत अशी असते, की ही जागा दाराजवळ असते एवढाच तिचा उपयोग. अपंग माणसाला चार पावलं कमी चालावी लागावीत म्हणून केलेली ती सवलत आहे, असं त्यांना वाटतं. जवळपणा महत्त्वाचा आहेच. परंतु त्याहून महत्त्वाची आहे ती तिची रुंदी.

मला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबड्या घेऊन शिकले, नोकरी केली. वय वाढलं तशी हातापायांतली ताकद कमी होत गेली आणि आता घराबाहेर मी चाकाची खुर्ची वापरते. माझ्या गाडीचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवता येईल अशी सोय करून घेतली आहे. म्हणजे गाडी मी एकटी चालवू शकते. प्रश्न येतो तो गाडीतून उतरताना. उतरायचं म्हणजे आधी दार सताड उघडायचं. मग शेजारच्या सीटवरची घडीची खुर्ची अंगावरून बाहेर काढायची, ती उलगडायची, दाराला आणि सीटला खेटून तिरकी उभी करायची, तिचे ब्रेक लावायचे आणि मग दोन्ही हातांवर भार देऊन या सीटवरून त्या सीटवर सरकायचं. हे सगळं करायला गाडीच्या बाजूला साधारण सव्वा मीटर मोकळी जागा लागते.

आता नेहमीच्या पार्किंगचा हिशोब बघा. एका मोटारीची जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. मध्यम मोटार पावणेदोन मीटर रुंद. म्हणजे दोन मोटारींमध्ये उरतात पाऊण मीटर, फार तर अडीच फूट. एवढ्या फटीतून धडधाकट माणूस दार अर्धवट उघडून, पोट आत घेऊन, अंग चोरून बाहेर पडतो. आपण सगळेच बघतो ते. चाकाच्या खुर्चीला अंग चोरता येत नाही. म्हणून अपंगांसाठीची जागा ३.६ मीटर रुंद असावी, असं आपल्याकडचे नियम सांगतात. गाडीसाठी २.४ मीटर आणि उतरण्यासाठी १.२ मीटर. त्या उतरण्याच्या पट्ट्यावर तिरक्या रेघा मारलेल्या असतात.

तेव्हा माझी राखीव जागा कुणी घेतली, तर मी जरा लांब गाडी लावून यावं हा पर्यायच नसतो. लांबची जागाही अडीच मीटरचीच असते. तिथं मी गाडी लावू शकते, पण गाडीतून बाहेर पडू शकत नाही. दाराजवळ असो की दोनशे पावलांवर, मी काचेच्या आतच राहते.

त्या तिरक्या रेघांच्या पट्ट्याविषयी थोडं अधिक सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याविषयी आहे. इथं मोटार मावत नाही, मग ही जागा वाया का घालवायची, अशा हिशोबानं लोक तिथं मोटारसायकल किंवा स्कूटर लावून जातात. राखीव जागेवर अपंगाचीच गाडी उभी आहे, नियमही मोडलेला नाही, असं त्यांना वाटतं. पण त्या माणसानं काम आटोपून परत यावं, तर त्याच्या गाडीचं दार उघडत नाही! येताना जागा नसेल तर माणूस निदान घरी परत जाऊ शकतो. जाताना वाट अडली, तर तो उन्हात, पावसात, रात्री त्या स्कूटरच्या मालकाची वाट बघत बसतो. मी एकदा अशी सव्वा तास बसले होते. स्कूटरवाला मुलगा आला, तेव्हा तो खरोखर ओशाळला. ‘काकू, मला वाटलं मोकळी जागा आहे,’ म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. त्याला ती मोकळीच दिसली होती.

मोटारी बाळगणारे अपंग आपल्याकडे तसे थोडेच. त्याहून कितीतरी अधिक जण मागच्या बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर वापरतात. मीही पुष्कळ वर्षं वापरली. या स्कूटरनं महाराष्ट्रातल्या हजारो अपंगांना नोकरी करता आली, मुलांना शाळेत सोडता आलं, भाजी आणता आली. पण ती साध्या स्कूटरपेक्षा बरीच रुंद असते. दुचाकींच्या रांगेत ती मावत नाही, आणि मावली तरी शेजारच्या गाड्या इतक्या खेटून असतात की कुबडी टेकायला जागा राहत नाही. बहुतेक अशा स्कूटरांना रिव्हर्स गिअर नसतो. दुसरे लोक पाय टेकून गाडी मागे घेतात. ज्याच्या पायांत जोरच नाही त्यानं काय करावं? त्यामुळे पुढून कुणी गाडी आडवी लावली, की तो माणूस तिथंच अडकला. आपल्याकडच्या राखीव जागांवर चित्र असतं ते मोटारीच्या हिशोबानं. स्कूटरवाल्या अपंगासाठी वेगळी रुंद जागा आखलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

आणि जे रिक्षानं येतात त्यांचं काय? त्यांना पार्किंग नको असतं, पण रॅम्प हवा असतो. रॅम्पच्या तोंडाशी मोटार उभी असेल, तर तो रॅम्प असून नसल्यासारखा.

आता ही जागा अडवतं कोण? कुणी मुद्दाम अपंगांना छळायला म्हणून तिथं गाडी लावत असेल, असं मला वाटत नाही. नेहमी ऐकू येणारं वाक्य एकच असतं : ‘पाच मिनिटांचंच काम आहे.’ मागचे दोन पिवळे दिवे लुकलुकत ठेवले, की जणू परवानगीच मिळाली. कुणी ड्रायव्हरला गाडीत बसवून जातात. ‘कुणी आलं तर काढेल की तो,’ म्हणतात. ऐकायला हे समंजसपणाचं वाटतं. पण याचा अर्थ असा, की अपंग माणसानं आधी तिथं पोचायचं, मागे वाहनांचा खोळंबा करायचा, हॉर्न वाजवायचा, काच खाली करून विनंती करायची, आणि मग आपलीच जागा उपकार म्हणून मिळवायची. एकदा ठीक आहे. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वेळी हे करून बघा.

एसटीत अपंगांसाठी आसनं राखीव असतात. तिथं दुसरं कुणी बसलेलं असलं, तरी अपंग माणूस चढला की बहुतेक लोक उठून जागा देतात. निदान कंडक्टर सांगतो तेव्हा तरी उठतात. पार्किंगच्या बाबतीत लोक नकळत हाच न्याय लावतात. कुणी आलं तर देऊ की! पण एसटीत बसलेला माणूस तिथंच असतो. उभ्या गाडीचा मालक चौथ्या मजल्यावर जेवत असतो. रिकामी गाडी उठून उभी राहत नाही, हा साधा फरक आपण विसरतो.

मग वॉचमन काय करतो, असं तुम्ही विचाराल. त्याची बाजूही ऐकून घ्यायला हवी. बारा-बारा तास उभा राहणारा, कंत्राटी पगारावरचा तो माणूस. मोठ्या गाडीतून उतरलेले साहेब त्याला ‘ओळखतोस का मी कोण आहे?’ असं विचारतात, तेव्हा त्यानं नियम सांगितला आणि साहेबांनी वर तक्रार केली, तर नोकरी कुणाची जाईल? एका वॉचमननं मला स्वच्छ सांगितलं, ‘ताई, तुमचं बरोबर आहे. पण साहेबांना मी काय बोलणार?’ त्याच्यामागे व्यवस्थापन उभं राहत नाही, तोवर त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

काही ठिकाणी तर कुंपणच शेत खातं. राखीव जागेत कार्यालयातल्याच वरिष्ठांची गाडी असते, नाही तर जनरेटर, कुंड्या, जुनी कपाटं. काही व्यवस्थापनं याच्या उलट फार दक्ष असतात. कुणी घुसू नये म्हणून ती जागेला साखळी लावतात किंवा मध्ये प्लॅस्टिकचे शंकू ठेवतात. हेतू चांगला, पण गाडीतून उतरून तो शंकू बाजूला करता आला असता, तर या जागेची गरजच काय होती? शेजारी माणूस नेमलेला असेल तरच ती साखळी उपयोगाची.

परिणामांकडे वळते. आपण जागा अडवतो पाच मिनिटं आणि समोरच्याचंही पाच मिनिटांचंच नुकसान होतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याची संपूर्ण फेरीच वाया जाते. घरून निघण्यापूर्वी आम्हाला पुष्कळ जमवाजमव करावी लागते. तिथं लिफ्ट आहे का, पायऱ्या किती, स्वच्छतागृहात खुर्ची जाते का, हे फोन करून विचारायचं, औषधांच्या वेळा सांभाळायच्या, कपडे आणि कॅलिपर चढवायचे. दोन-दोन तास जातात. एवढं करून दारापर्यंत यावं, आणि तिथून गाडी वळवून परत जावं.

माझ्या ओळखीचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत, अर्धांगवायूनंतर खुर्चीवर असलेले. निवृत्तिवेतन चालू राहावं म्हणून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मुलगा रजा काढून त्यांना बँकेत घेऊन गेला. बँकेसमोरच्या राखीव जागेत दोन मोटारी, रॅम्पपुढे मोटारसायकली. अर्धा तास घिरट्या घालून दोघं परत आले. आता हा दाखला घरबसल्या मोबाइलवरही देता येतो, आणि तसा तो त्यांनी नंतर दिलाही. पण ते मला जे म्हणाले ते मी विसरले नाही. म्हणाले, ‘आपण जिवंत आहोत एवढं सांगायला गेलो होतो, आणि तेवढ्यासाठीही गाडीतून उतरता आलं नाही.’

दुसरं उदाहरण नाटकाचं. मराठी माणसाला नाटकाचं वेड असतं, ते मलाही आहे. एका नाट्यगृहाच्या आवारात राखीव जागेवर गाडी उभी असल्यानं मी फेऱ्या मारत राहिले. एरवी कुणाला उशीर झाला तर तो अंधारात चाचपडत जाऊन बसतो. खुर्ची घेऊन अंधारात जाता येत नाही. तिसरी घंटा होऊन गेली तेव्हा मी तिकीट पर्समध्ये ठेवलं आणि घरी आले. त्या तिकिटाच्या पैशांचं फारसं वाटलं नाही. पण पुढच्या वेळी मैत्रिणीनं विचारलं, तेव्हा ‘तूच जाऊन ये’ हे शब्द माझ्या तोंडून आपोआप निघाले. असं दोन-तीनदा झालं, की माणूस जाणंच सोडतो. आधी नाटक सुटतं, मग लग्नकार्यं, मग बँक, मग तब्येतीची नेहमीची तपासणीही पुढे ढकलली जाते. घरचेही दमतात. ‘राहू दे, मीच आणून देतो,’ म्हणतात. प्रेमानंच म्हणतात. पण हळूहळू त्या माणसाचं जग खिडकीपुरतं होऊन बसतं.

आणि इथं खरं दुष्टचक्र सुरू होतं. मी एका व्यवस्थापकांना राखीव जागेबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, ‘मॅडम, आम्ही जागा ठेवली होती. पण वर्षभरात कुणी अपंग आलंच नाही. मग आम्ही ती इतरांना देऊन टाकली.’ आता बघा. जागा अडलेली असते म्हणून अपंग येत नाहीत. ते येत नाहीत म्हणून जागेची गरज नाही असं ठरतं. गरज नाही म्हणून ती आणखी अडवली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांतल्या ५४ लाखांहून अधिक जणांना चालण्या-फिरण्याशी संबंधित अपंगत्व होतं. एकट्या महाराष्ट्रात सर्व प्रकारचे मिळून २९ लाखांच्या वर अपंग नोंदले गेले. एवढी माणसं आहेत. मग ती बाजारात, नाट्यगृहात, उपाहारगृहात का दिसत नाहीत, याचा विचार आपण कधी केला आहे का?

म्हणून मला आग्रहानं सांगावंसं वाटतं, की ती जागा रिकामी दिसते तेव्हा ती वाया जात नसते. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा असतो, म्हणून कुणी त्यातून वीटवाळू वाहून नेत नाही. तो उभा असणं हेच त्याचं काम आहे. तसंच या जागेचं आहे. येणारा माणूस कधी येईल ते सांगता येत नाही, पण येईल तेव्हा जागा मोकळी असेल, या भरवशावरच तो घराबाहेर पडतो.

मघाच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. पार्किंगची टंचाई खरी आहे. परंतु दोनशे गाड्यांच्या तळावर दोन जागा राखल्यानं ती वाढत नाही आणि त्या दोन जागा बळकावल्यानं ती सुटत नाही. जागा मिळाली नाही तर धडधाकट माणसाची दहा मिनिटं जातात. अपंग माणसाचा दिवस जातो.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे अपंगांच्या समान संधींचा कायदा १९९५ मध्ये झाला. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्याच्या ४१ व्या कलमात बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ यांवरच्या सोयींत पार्किंगच्या जागेचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत तर मोजमापच दिलं आहे. प्रवेशद्वारापासून तीस मीटरच्या आत, ३.६ मीटर रुंदीच्या दोन जागा, आणि त्या चाकाच्या खुर्चीसाठी राखीव असल्याची ठळक पाटी.

तेव्हा कागदावर काही कमी नाही. उणीव अंमलबजावणीत आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं. सुगम्यतेची मानकं नुसती मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, त्यांतली किमान काही टाळता न येण्याजोगी, बंधनकारक असली पाहिजेत, असं न्यायालयानं सांगितलं आणि तसे नियम करण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

पण नियम कितीही कडक झाले, तरी ते मुख्यतः जागा देणाऱ्याला लागू होतात. दिलेली जागा जो अडवतो त्याचं काय? वाहतुकीच्या किरकोळ नियमभंगाचा सर्वसाधारण दंड २०१९ च्या दुरुस्तीनं शंभरावरून पाचशे रुपये झाला. पण मॉलच्या तळघरात किंवा रुग्णालयाच्या आवारात वाहतूक पोलीस सहसा येत नाहीत. तिथं सगळा कारभार खासगी.

परदेशात हे प्रश्न नाहीत असं कुणी समजू नये. ब्रिटनमध्ये आल्फ मॉरिस या खासदारानं पुढाकार घेऊन १९७० मध्ये कायदा करवला आणि त्यातून अपंगांच्या गाडीसाठी खास ओळखपत्र आलं. आज ते निळ्या रंगाचं आहे आणि त्याचा गैरवापर केल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात गाडीच्या आरशाला अडकवायची अशीच एक पाटी मिळते. १९९९ साली तिथल्या एका नामांकित विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या आजी-माजी खेळाडूंवर अशा पाट्या लबाडीनं मिळवल्याबद्दल खटले भरले गेले. मैदानावर सुसाट धावणारे पोरगे, आणि गाडीला अपंगाची पाटी! मृत व्यक्तींच्या नावावरच्या पाट्या वापरल्या जात असल्याचंही त्या राज्याच्या लेखापरीक्षणात आढळलं होतं. सांगायचं कारण एवढंच, की कार्ड आणि दंड दोन्ही हवेत, पण त्यांच्याबरोबर लोकांना त्या कृत्याची लाजही वाटायला हवी.

आपल्याकडे ब्रिटनसारखं देशभर चालणारं पार्किंगचं ओळखपत्र रूढ झालेलं नाही. चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं स्टिकर दुकानात कुणालाही मिळतं. म्हणून एक धोक्याची सूचनाही देते. राखीव जागेवरच्या गाडीतून कुणी चालत उतरताना दिसलं, की लगेच त्याच्यावर तुटून पडू नका. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. त्यांत पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्नायूंचे विकार, सिकलसेल असे आजार आले. यांतला एखादा दहा पावलं नीट चालतो, अकराव्या पावलाला थांबतो. आत कृत्रिम पाय असेल तर पँटमुळे तोही दिसत नाही. अशा माणसाला चारचौघांत ‘तुम्हाला काय धाड भरलीय?’ असं विचारणं म्हणजे त्याला आपला आजार रस्त्यात उलगडून दाखवायला लावणं आहे. चौकशी करायची ती नेमलेल्या माणसानं, आणि सभ्यपणे.

मग आपण काय करू शकतो? फार मोठं काही नाही. पहिलं म्हणजे गाडी चालवताना त्या निळ्या चित्रावर पाच मिनिटांसाठीही थांबायचं नाही, तिरक्या रेघांवरही नाही, रॅम्पच्या तोंडाशीही नाही. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना दारात उतरवा आणि गाडी पुढे न्या. अपंग व्यक्तीच्या नावावरची गाडी घेऊन घरातलं दुसरंच कुणी एकटं आलं असेल, तर त्यानंही ती जागा वापरू नये. जागा माणसाची आहे, गाडीची नाही.

दुसरं, आपल्या सोसायटीत, कार्यालयात, शाळेत, मंगल कार्यालयात अशी जागा आहे का ते बघा. नसेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडा. असेल तर टेप घेऊन मोजा. ३.६ मीटर भरते का? नुसतं चित्र काढून अडीच मीटरची जागा राखलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. तिचा आम्हाला काही उपयोग नसतो.

तिसरं, जागा अडलेली दिसली तर वॉचमनवर न ओरडता व्यवस्थापकाला भेटा. गाडीचा क्रमांक ध्वनिक्षेपकावरून पुकारायला सांगा. एखाद्या ग्राहकानं असं म्हटलं की व्यवस्थापन ऐकतं. आम्ही म्हटलं की ती ‘त्यांची नेहमीची तक्रार’ होते. पाय धड असलेल्या माणसानं ही तक्रार केली, तर तिचं वजन वाढतं, हे दुर्दैवानं खरं आहे. तेव्हा ते वजन आमच्या बाजूनं टाका.

आणि व्यवस्थापनांना एक विनंती. वॉचमनच्या हाती लेखी सूचना द्या, की राखीव जागेसाठी कुणालाही अडवलं तरी त्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही. मोटारीच्या जागेशेजारी बाजूला चाकं असलेल्या दोन स्कूटर राहतील एवढा पट्टा आखा. आवारात फोन क्रमांकाची पाटी लावा, म्हणजे गाडीत बसल्या बसल्या मदत मागता येईल. याला रंगाचा एक डबा आणि एक दिवसाचं काम लागतं.

आमच्यापैकी पुष्कळ जणांनी आयुष्यात कुणाकडे फारसं काही मागितलेलं नाही. शिक्षण, नोकरी, संसार स्वतःच्या हिमतीवर केला. देशातून पोलिओ गेला. २०११ च्या जानेवारीनंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही नवा रुग्ण सापडला नाही आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, ही केवढी आनंदाची गोष्ट! पण ज्यांना तो आधीच होऊन गेला, ती माझी पिढी आता म्हातारी होते आहे. अपघात होतातच आहेत, अर्धांगवायूचे झटके येतातच आहेत, आणि आयुर्मान वाढलं तसे गुडघे थकलेले लोकही वाढले आहेत. या जागेची गरज यापुढे वाढतच जाणार आहे.

उद्या कुणी तरी कामावर, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत जायला सकाळपासून तयारी करून निघेल. तो किंवा ती कोण, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि तुम्ही गाडी थोडी पुढे नेऊन लावली हे त्यांनाही कळणार नाही. आभार मानायला कुणी येणार नाही. पण ते माणूस गाडीतून उतरेल आणि आपल्या कामाला जाईल.